शेजारच्या आजींच्या यादीवर पाहिलेलं लिस्बन : दहा महिन्यांच्या वापरानंतर

सप्टेंबर २०२२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लिस्बनला गेलो आणि ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या भागात एका जुन्या इमारतीत राहू लागलो. समोरच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहायच्या. आम्ही आपसात त्यांना आजीच म्हणायचो. आमच्याकडे भारतातून पाहुणे येणार असं कळल्यावर त्यांनी चौकटीच्या वहीची दोन पानं भरून एक यादी लिहून दिली: काय बघायचं, कुठे जेवायचं, आणि मुख्य म्हणजे कधी जायचं. ती यादी मी जुलै २०२३ पर्यंत चार वेळा पाहुण्यांबरोबर वापरली. ऑक्टोबरात नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको, डिसेंबरात सासू-सासरे, एप्रिलमध्ये माझ्या दोन मैत्रिणी, आणि मे-जूनमध्ये माझे आई-बाबा. त्यातलं काय उपयोगी पडलं, काय आपल्या लोकांसाठी बदलावं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. लिस्बनला जाणाऱ्या मराठी माणसाला याचा खरोखर उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा थोडी निराश झाले होते. त्यातली अर्धी नावं कुठल्याही पर्यटन पुस्तकात असतातच: बेलेम, किल्ला, २८ नंबरची ट्राम, सिंत्रा. वेगळेपण नावांत नव्हतं, नावांपुढे लिहिलेल्या छोट्या ओळींत होतं. ट्रामचंच घ्या. सगळे लोक मार्तिम मोनिजच्या थांब्यावर तासभर रांगेत उभे राहतात, मग उभ्यानेच चेंगरत जातात, आणि त्या गर्दीत खिसेकापूंचं फावतं. आजींनी लिहिलं होतं, «दुसऱ्या टोकाहून बसा, सकाळी आठच्या आत.» दुसरं टोक म्हणजे प्राझेरेश. तिथे ट्राम रिकामी येते आणि खिडकीची जागा मिळते. लाकडी बाकं, पितळी कड्या, वळणावर कचकचणारी चाकं, आणि आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्लीत तर भिंत इतकी जवळ की कोणाच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल हाताला लागेल. चारही वेळा आम्ही असंच केलं आणि चारही वेळा सगळ्यांना बसायला मिळालं.

प्रवासाच्या पासाबद्दल. महिनाभर किंवा जास्त राहणार असाल तर नव्हेगान्त पास काढा. आम्ही होतो तेव्हा शहरापुरता ३० युरो आणि लिस्बन धरून आसपासच्या एकूण १८ नगरपालिकांसाठी ४० युरो असा दर होता. चाळीसच्या पासात मेट्रो, बस, ट्राम, नदीवरची फेरी, सिंत्रा आणि काश्काइशची लोकल असं सगळं येतं. चार-पाच दिवसांसाठी येणाऱ्यांनी साधं कार्ड घेऊन त्यात पैसे भरायचे, ते बहुतेक सगळीकडे चालतं. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही.

आता चालण्याबद्दल, कारण लिस्बनमध्ये सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. शहर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि फुटपाथ छोट्या चुनखडीच्या दगडांचे. पांढरे, काळे, नक्षीत बसवलेले. दिसायला इतके देखणे की पहिले काही दिवस मान खाली घालूनच चालावंसं वाटतं. पण वर्षानुवर्षांच्या पायांनी ते दगड गुळगुळीत झालेत आणि पावसात साबणासारखे होतात. डिसेंबर २०२२ मध्ये लिस्बनला इतका पाऊस झाला की काही भागांत पाणी शिरलं. त्याच आठवड्यात सासूबाई उतारावर घसरल्या आणि मनगट मुरगळलं. त्यांच्या पायात आपल्या नेहमीच्या सपाट तळाच्या चपला होत्या. माझ्या मनाला ते फार लागलं, कारण चपलांकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. म्हणून पहिली सूचना: खरबरीत रबरी तळाचे बूट. सामानात दुसरं काही कमी करा, हे नको.

मनगटाला पट्टी बांधून बसलेल्या सासूबाईंना बघायला आजी आल्या आणि त्यांनी यादीच्या कडेला उभ्या अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली. ती ओळ मला सगळ्या यादीत मोलाची वाटते. बाइशा म्हणजे खालच्या सपाट भागात, रुआ दोश फांकेइरोश या रस्त्यावर, एका साध्या इमारतीच्या आत सार्वजनिक लिफ्ट आहे. पैसे लागत नाहीत. तिने वर गेलं की छोटा चौक ओलांडायचा, पुढे सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. तीही मोफत. दोन लिफ्ट संपल्या की सेंट जॉर्जच्या किल्ल्याची निम्म्याहून जास्त चढण संपलेली असते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. त्याच धर्तीवर सांता जुश्ता नावाची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट. तिच्या तिकिटासाठी भली मोठी रांग असायची. ज्यांना वरचं दृश्यच बघायचं आहे त्यांनी वरच्या शियादो भागाच्या बाजूने कार्मो चर्चच्या मागे जावं, तिथल्या गच्चीवरून तोच देखावा फुकट दिसतो.

कार्मोचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आणि आग. कार्मोचं छप्पर कोसळलं ते पुन्हा बांधलं नाही. आज तिथे दगडी कमानींचा नुसता सांगाडा उभा आहे आणि वर उघडं आकाश. आजींनी इथे लिहिलं होतं, «ढगाळ दिवशी जा.» आम्ही तसंच गेलो. कमानींतून ढग सरकताना दिसतात तेव्हा ते काय आहे हे सांगायला शब्द लागत नाहीत. भूकंपाआधीचं शहर कसं होतं हे बघायचं असेल तर टाइलच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. १५०९ च्या एका मठात ते आहे, मध्यवस्तीपासून जरा लांब, बसने जावं लागतं. तिथे सुमारे २३ मीटर लांबीचं निळ्या-पांढऱ्या टाइलचं एक चित्र आहे, १७०० च्या सुमाराचं, संपूर्ण लिस्बनचा नदीकडून दिसणारा देखावा. बाबा त्यापुढे एकेक घर, एकेक होडी बघत अर्धा तास उभे होते.

आता बेलेम, हा नदीकाठचा भाग. सोमवारी जाऊ नका, जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये शिरायला तिकीट लागत नाही, आतल्या चौकाला लागतं. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर आहे. त्याचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीला झाला आणि अवशेष नंतर इकडे आणले. दगडात कोरलेलं गलबत, दोरखंड, आणि शांत हात जोडलेला माणूस. शाळेत एका ओळीत शिकलेलं नाव असं समोर निजलेलं बघताना माझ्या मनात आदर आला नाही, रागही आला नाही. फक्त त्या एका प्रवासाने आपल्या किनाऱ्याचं काय काय बदललं याचा विचार पाठ सोडेना. बाहेर १८३७ पासूनचं पाश्तेलचं, म्हणजे तिकडच्या छोट्या गोड पेस्ट्रीचं, दुकान आहे. रस्त्यावर दिसणारी रांग पार्सलची असते. त्या रांगेत थांबू नका, सरळ आत शिरा. आत खोल्यांमागून खोल्या आहेत आणि टेबल लवकर मिळतं. गरम पाश्तेलवर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवून खायचं. कडेचा पापुद्रा दातांखाली मोडतो आणि मधली साय अजून थरथरत असते. त्यात अंड्याचा बलक भरपूर असतो, न खाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. बेलेमपर्यंत जायला वेळ नसेल तर शियादोतल्या मांतेगारियामध्येही उत्तम मिळतं. ताजा घाणा निघाला की तिथे घंटा वाजवतात.

खाण्याबद्दल आजींनी जे लिहिलं त्याला माझे दहापैकी दहा. त्यांनी हॉटेलांची नावं फारशी दिलीच नाहीत, हॉटेल ओळखायचं कसं ते दिलं. फळ्यावर किंवा कागदावर हाताने लिहिलेला आजचा पदार्थ, म्हणजे प्रातो दो दीया, दिसला पाहिजे. दुपारी साडेबारानंतर आत कामाच्या कपड्यांतली माणसं दिसली पाहिजेत. चार भाषांत फोटोंसकट मेनू आणि दारात हाका मारणारा माणूस असेल तर पुढे चला. अशा खाणावळीला तिकडे ताश्का म्हणतात. नऊ-दहा युरोत मुख्य पदार्थ, पाव आणि कॉफी व्हायची. रविवारी बऱ्याच ताश्का बंद असतात, त्या दिवशीची सोय आधी करून ठेवा.

दोन गोष्टी नीट समजून घ्या, नाहीतर बिल बघून मन खट्टू होतं. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते स्वागत म्हणून नसतं, खाल्लं तर पैसे लागतात. नको असेल तर हसून परत न्यायला सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. दुसरं, मासळीचा भाव पुष्कळदा किलोवर असतो. ऑक्टोबरात बाइशातल्या एका हॉटेलात आम्ही वजन न विचारता मोठा मासा मागवला आणि चौघांच्या जेवणाचं बिल आमच्या आठवड्याच्या किराण्याएवढं आलं. तेव्हापासून आधी वजन, मग भाव, मग ऑर्डर. आणि «मेया दोझ» हा शब्द पाठ करा: अर्धी प्लेट. ती एका माणसाला भरपूर होते. पूर्ण प्लेट दोघांची असते.

मासे खाणाऱ्या कोकणी-गोव्याच्या मंडळींना तर इथे माहेरी आल्यासारखं वाटेल. आमेइजोआश आ बुल्याँउ पातो म्हणजे आपल्या तिसऱ्याच, लसूण, ऑलिव्ह तेल आणि मूठभर कोथिंबीर घातलेल्या. युरोपात इतक्या सढळ हाताने कोथिंबीर घालणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. उरलेला रस पावाने पुसून खायचा. जूनमध्ये तारली भाजतात, जाड मीठ लावून, कोळशावर. आणि खारवलेला कॉड, बाकाल्याँउ, तो तर दर घरात. पहिल्यांदा खाणाऱ्याने बाकाल्याँउ आ ब्राश मागवावा: माशाचे रेषे, काडीसारखे तळलेले बटाटे आणि अंडं एकत्र परतलेलं.

शाकाहारी लोकांबाबत मात्र आजींची यादी अपुरी पडली. त्यांच्या मते सूप म्हणजे शाकाहार. काल्दो व्हेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं आणि बटाट्याचं सूप छानच असतं, पण त्यात शोरिसोची चकती तरंगते. शोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गोव्यातल्या चोरीसचा मूळपुरुष. आधीच «सेंग शोरिसो» म्हणा आणि सूप कशात शिजवलंय तेही विचारा. सासूबाई पूर्ण शाकाहारी, माझी आई अंडं खाते. दहा महिन्यांत मी त्यांच्यासाठी जे शोधलं ते असं. पेइशिन्योश दा ओर्ता म्हणजे शब्दशः बागेतले छोटे मासे. प्रत्यक्षात ती फरसबीची भजी असतात. पिठात बहुधा अंडं असतं, तेवढं विचारा. टोमॅटोचा भात, राजम्यासारख्या घेवड्याचा भात, ताजं चीज, आणि शेवटी आरोश दोस. हा शेवटचा पदार्थ म्हणजे दालचिनी घातलेली घट्ट तांदळाची खीर. काही ठिकाणी तीतही बलक घालतात. पोटभर, निर्धास्त शाकाहारी जेवण हवं असेल तर लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिराचं उपाहारगृह. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं हे मंदिर आहे, आणि ज्या रस्त्यावर आहे त्याला महात्मा गांधींचं नाव आहे. सासूबाईंनी तिथे पंधरा दिवसांनी डाळ-भात खाल्ला आणि दोनदा वाढून घेतला. मार्तिम मोनिज आणि रुआ दो बेन्फोर्मोझोच्या दुकानांत पोहे, हिंग, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळायचं.

गोव्याचं जेवण हवं असेल तर मोरारिया या जुन्या वस्तीतलं तेंतासोंइश द गोआ आणि सांतुशजवळचं झुआरी. शाकुती, आमटी, बेबिंका. शिवाय साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात चक्क सामोसे दिसतात. नाव शामुसा. आम्ही राहत होतो तेव्हा देशाचे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता होते, त्यांच्या वडिलांकडचं घराणं मडगावचं. लिस्बनचे महापौर असताना २०११ मध्ये त्यांनी आपलं कार्यालय मोरारियाशेजारच्या इंतेंदेंत चौकात नेलं होतं. पूर्वी तो भाग लोक टाळायचे. आता तिथे संध्याकाळी मुलं खेळतात.

आईला सगळ्यात आनंद सुपरमार्केटमध्ये झाला. बटाट्यावर «बाताता», साबणावर «साबाँउ», चावीच्या दुकानावर «शाव्ह», कोबीला «कोव्ह», पावाला «पाँउ», काजूला «काजू». भाषा येत नसताना ती एकटी भाजी आणायला जाऊ लागली.

तेजो नदीवरची फेरी यादीत एका ओळीत होती: «काइश दो सोद्रे ते काकिल्याश, दहा मिनिटं, संध्याकाळी परत या.» परतताना सगळं शहर पिवळ्या उन्हात समोर पसरलेलं दिसतं, एवढ्यासाठीच जावं. पण काकिल्याशला उतरल्यावर डाव्या हाताला तीन डोलकाठ्यांचं एक जुनं लढाऊ जहाज उभं आहे, ते आजींनी लिहिलं नव्हतं. दोम फेर्नांदो सेगुंदो इ ग्लोरिया. हे जहाज दमणला बांधलेलं आहे, नगर हवेलीच्या जंगलातल्या सागाचं, १८४३ मध्ये पाण्यात उतरवलेलं. १९६३ मध्ये आगीत जळालं, नंतर दुरुस्त करून संग्रहालय केलं. तोफांच्या खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. पालघर-डहाणूपासून हाकेच्या अंतरावर आपल्याच सुतारांनी घडवलेलं एवढं मोठं जहाज या नदीत उभं आहे हे कळल्यावर मी आजींना मुद्दाम सांगायला गेले. त्यांनाही माहीत नव्हतं.

सिंत्रा या महालांच्या गावाबद्दल थोडक्यात. रोसियो स्टेशनहून चाळीस मिनिटांची लोकल. «एका दिवसात एकच महाल,» असं आजींनी लिहिलं होतं. आम्ही पहिल्या वेळी तीन बघायला गेलो आणि बसच्या रांगांमध्येच दिवस गेला. मैत्रिणींबरोबर फक्त रेगालेइरा केलं. तिथली खोल गोल जिन्याची विहीर बघताना आपल्या बारवांची आठवण येते. ती एक जागा सावकाश बघितली आणि समाधान वाटलं. पेना महालाच्या आत जायला वेळ ठरवलेलं तिकीट लागतं, आधी काढा.

आता बाबांबद्दल. ते मूळचे सांगलीचे, त्यामुळे सांगलीच्याच मोहन रानडे यांचं नाव त्यांच्या घरात लहानपणापासून घेतलं जायचं. गोवा मुक्तिसंग्रामात रानडे १९५५ मध्ये पकडले गेले, पुढे त्यांना पोर्तुगालला आणून लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी त्यांची सुटका व्हायला १९६९ उजाडलं. लिस्बनला यायचं ठरलं तेव्हा बाबांनी एवढंच मागितलं होतं, काशियाश बघायचं. काइश दो सोद्रेहून काश्काइशच्या लोकलने तिथे गेलो. तुरुंग आजही वापरात आहे, आत जाता येत नाही. स्टेशनच्या बाहेर उभं राहून त्यांनी नदी समुद्राला मिळते तिकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आजींनी आपणहून यादीतल्या एका नावाखाली रेघ ओढून दिली: आल्जुब. कॅथेड्रलशेजारचा जुना राजकीय तुरुंग. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पकडलेल्यांना तिथे ठेवत. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. एका माणसाला जेमतेम आडवं होता येईल अशा कोठड्यांचा नमुना आहे. वसाहतींमध्ये काय चाललं होतं तेही लपवलेलं नाही. पर्यटक गर्दी करत नाहीत, पण मराठी आणि गोव्याच्या माणसाने लिस्बनला येऊन हे चुकवू नये असं माझं ठाम मत आहे.

कधी जावं असं विचाराल तर मे अखेर ते जूनचा मध्य. १२ जूनच्या रात्री सेंट अँथनीचा सण असतो. आल्फामा-ग्रासाच्या गल्ल्यांत तारलीचा धूर आणि गाणी, खिडक्यांत तुळशीच्या जातीच्या मांजेरिकोच्या छोट्या कुंड्या, त्यांवर कागदी फूल आणि चार ओळींची कविता. त्या कुंडीला नाक लावून वास घ्यायचा नाही, हात ठेवायचा आणि हाताचा वास घ्यायचा, हे आजींनी आईला करून दाखवलं. आईने एक कुंडी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि रोज सकाळी पाणी घालायला लागली.

त्याच दिवसांत जॅकरंडा फुलतो. कार्मोच्या चौकात त्याची जुनी झाडं आहेत. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकात सैनिकांनी वेढा दिला आणि हुकूमशाही संपली. वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. आजी त्या दिवशी इथे, या गर्दीत होत्या. बाबा आणि त्या एका बाकावर बसले होते, मध्ये मी, दोघांचं बोलणं इकडून तिकडे करत. बाकावर, बाबांच्या टोपीवर, आजींच्या पिशवीवर जांभळी फुलं पडत होती, आणि समोरच्या टपरीवरून मागवलेल्या तीन कॉफ्या गार होऊन गेल्या.